वजनकाट्याचा जुना पत्ता

सर, आज थकलोय. सकाळपासून बैठकीत बोलून घसा बसला आणि ठरलं काहीच नाही.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, हे तुम्ही बुधवार पेठेतल्या दुकानाच्या माळ्यावर बसवून शिकवलंत. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर संपत आलेत, नव्या पद्धतीचे संपणारच नाहीत, यावर मी तेव्हापासून सभा गाजवतोय. मार्केट यार्डातल्या त्या गोदामातही गाजवली. व्यापारी माना डोलवत होते, आणि मी जुने पत्ते एका झटक्यात बंद केले. यंत्रांची यादी मात्र मी शनिवारी केली होती, बाजाराच्या सुट्टीत. ट्रक तोलणारा वजनकाटा त्या दिवशी बंद होता, म्हणून यादीत आलाच नाही. ती रविवारची सकाळ अजून दिसते: कांद्याचे ट्रक फाटकापर्यंत खोळंबलेत, काट्याला नवा पत्ता कळत नाही, हमाल पोत्यांवर बसून माझ्याकडे बघतायत. तुम्ही स्कूटरवरून येता, जुनं पुन्हा चालू करता, काट्यावर तुमच्या अक्षरातली पत्त्याची पट्टी चिकटवता. मग हळूच म्हणता, "अहो, भाषण उत्तम झालं म्हणे. काट्याला ऐकवलंत का?"

तेव्हापासून तिथे दोन्ही पद्धती चालू आहेत. म्हणजे सगळं दुप्पट. पहारा दोन्हीकडे, बिघाड शोधायचा तोही दोन्हीकडे. माझ्या हाताखालची इंजिनिअर आज वैतागली. "सर, काटा गेल्या वर्षीच बदललाय. नव्याला नवा पत्ता कळतो. मग जुनं कोणासाठी ठेवलंय?" तासभर न थांबता बोलणारा मी म्हणालो, "बघू." ती म्हणाली, "बघा. तोवर मी दोन्हीकडे बघते."

तिचं बरोबर आहे. आणखी एखादं यंत्र यादीतून निसटलं असेल, ही माझी भीतीही खोटी नाही. पण त्यावरचा उपाय तुम्हीच सांगितला होता: भर बाजारात फिरा, प्रत्येक यंत्राला हात लावा. तेवढं चालायचं मी वर्षभर टाळलं. रविवारी तिच्याबरोबर जाईन, आणि मग जुनं बंद करू.

तुम्ही गेल्यापासून तुमच्या दुकानात दुसरंच कोणी बसतं. हे कागद माझ्याच वहीत राहतील. त्याच वहीत तुमची पट्टीही आहे. काटा भंगारात गेला तेव्हा मी ती सोलून घेतली. आणि सर, जुने पत्ते संपले म्हणून मी ओरडत फिरतो, पण पट्टीवरचा तो एक पत्ता अजून कोणत्याच यंत्राला दिलेला नाही.