विष्णूचा सोमवार

द्वारका, दिल्ली
११ फेब्रुवारी २००३

प्रिय संपदा,

अनेक आशीर्वाद. आधी तुझ्या आईच्या, विनयाच्या गुडघ्याचं सांग. पुण्याच्या हवेनं थोडा मोकळा झाला की अजून जिना उतरताना कठड्याला धरून तुझ्या नावानं हाका मारते? तिला म्हणावं, तेल नुसतं कपाटात ठेवून गुडघा बरा होत नसतो, लावावं लागतं. सुधन्वाची पाठ कशी आहे? दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढं वाकून बसणारा माणूस, मधून मधून उठव त्याला. आणि ऋग्वेदचा खोकला गेला का? ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीशी धरायची, तुझ्या लहानपणी हाच उपाय केला होता आणि तू पुरचुंडीच चावली होतीस. तुझं स्वतःचं काही लिहीत नाहीस, म्हणून तुझी तब्येत सगळ्यात शेवटी विचारते. तू कशी आहेस?

इकडं तात्यारावांचा मोतीबिंदू निघाला. आता त्यांना भिंतीवरची सगळी जळमटं दिसायला लागली आहेत, त्यामुळं माझे हाल आहेत. सोसायटीत पाणी अजून टँकरचंच. लिफ्ट चालली तर चालली. लक्ष्मीबाईनगरच्या क्वार्टरात आपण दाराला दार लावून राहायचो, तुमच्याकडं फोडणी पडली की आमच्याकडं शिंका यायच्या. इथं गेटवरचा पहारेकरी पाहुण्याला आधी नाव विचारतो, फ्लॅट नंबर विचारतो, मग वर फोन करतो, आंटीजी, भेज दूँ क्या? आपल्याच माणसाला आत घ्यायला परवानगी द्यायची म्हणजे कसंतरीच होतं. पण स्वतःचं घर झालं, असं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

एक बातमी आहे, ती आधी सांगून टाकते. कलेक्टरच्या परीक्षेसाठी महाराष्ट्रातून येणाऱ्या पोरांसाठी मंडळानं काढलेली करोलबागेतली आपली खानावळ आणि अभ्यासिका या मार्चअखेर बंद होते आहे. मानेसरच्या त्या सुटे भाग करणाऱ्या कंपनीनं निधीची मुदत वाढवायला नकार दिला. नकारसुद्धा फार गोड शब्दांत आला. आता त्यांना शाळांत कॉम्प्युटर बसवायचे आहेत, मुलांच्या जेवणात त्यांचं मन राहिलं नाही. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्यांच्या ऑफिसात जाऊन आले. तिथला साहेब पुन्हा नवा. मला म्हणाला, आंटीजी, आप प्रपोज़ल में कंप्यूटर जोड़ दीजिए. मी म्हटलं, बाळा, कॉम्प्युटर खाऊन पोट कसं भरायचं? तो हसला, मीही हसले, आणि बसस्टॉपवर येऊन एकटीच बसून राहिले. तू बरोबर असतीस तर त्याला काय बोलायचं ते तुला सुचलं असतं.

तुला आठवतं का, आपण दोघी फाइल काखोटीला मारून कशा हिंडायचो? एके ठिकाणी म्हणाले, तुमचं सांस्कृतिक मंडळ, गणपती बसवता, तुम्हाला कसा निधी देणार. दुसरीकडं म्हणाले, आम्ही फक्त खेड्यांत काम करतो. मी म्हटलं, अहो, पोरं खेड्यातलीच आहेत, फक्त जेवतात दिल्लीत. तिसऱ्यांनी सांगितलं, जी मुलं उद्या कलेक्टर होणार ती गरीब कशी? संक्रांतीच्या दिवसांत मी एका साहेबाला तिळगूळ दिला तेव्हा तू टेबलाखालून मला चिमटा काढला होतास. बाहेर आल्यावर किती बोललीस! मावशी, यार, इथं असं चालत नाही, ते लाच समजतील. आणि साहेब मात्र काचेतून वडी खाताना दिसला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजी शिकले ती तात्यारावांनी ऑफिसातून आणलेल्या रद्दी परिपत्रकांवरून. पण देणगीदाराला काय ऐकायचं असतं हे ओळखून अर्ज लिहायचा असतो, ही विद्या मला तू शिकवलीस. समाजकार्याचा कोर्स तू नुकता संपवला होतास, आणि मंडळातले सगळे वडीलधारे तुझ्या तोंडाकडं बघत बसायचे.

आपल्याला पैसे मागायची वेळ का आली, ते तुला वरवर माहीत होतं. आतलं आम्ही तुला कुणी सांगितलंच नाही, आणि ती चुटपूट मला फार लागते. तुझ्या जन्मापासून तू बघत होतीस की सोमवारी आमच्याकडं एक मुलगा जेवायला येतो, मंगळवारी तुमच्याकडं दुसरा. बीडचा मुनीर गुरुवारी जोशांकडं जायचा, आणि त्याच्या रोज्यांच्या महिन्यात जोशीण संध्याकाळी खजूर काढून ठेवायची. तुला वाटायचं, बिचारी गरीब पोरं आहेत. तुझी शाळा हिंदी, मैत्रिणी पंजाबी, तुला कोण सांगणार? अगं, याला वार लावून जेवणं म्हणतात. शिकायला परगावी आलेल्या मुलानं सात घरं ठरवायची, एकेका वारी एकेका घरी जेवायचं. तुझ्या आजोबांनी सांगलीत असेच वार लावून मॅट्रिक केलं. ज्या घरी वार असे त्या घरचा तो मुलगाच होई. परीक्षेच्या दिवशी त्या घरची बाई देवापुढं दिवा लावी, आणि त्यानं भाजी टाकली तर त्याला बोलायचा हक्कही तिला असे. यात देणारा वर आणि घेणारा खाली असं काही नव्हतं. पण हे आम्ही कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला वाटलं, जे घरात घडतं ते मुलांना आपोआप कळतं.

मग आम्ही एकेक करत निवृत्त झालो. सरकारी क्वार्टर सुटले. कुणी द्वारकेत, कुणी नोएडात, कुणी थेट गुडगावात. राजेंद्रनगरातल्या क्लासमधून निघून पोरगं इथं जेवायला येणार कसं, आणि परत जाऊन वाचणार केव्हा? म्हणून खानावळ काढायची, आणि म्हणून तो निधी. तरी आमच्या सोमवारचा विष्णू बसनं यायचाच. खानावळ सुरू झाल्यावरही सोमवार त्यानं सोडला नाही. तूही त्या दिवशी आमच्याकडं यायचीस, दार उघडून म्हणायचीस, आलात का सोमवार? आज उशीर! आणि तो परभणीचा गडी म्हणायचा, दिल्लीकर बाई, तुमच्या बसला सांगा की. तुझ्या राख्या त्याच्या हातावर दिवाळीपर्यंत लोंबत असायच्या.

तुझा अर्ज मी वाचला होता, तात्यारावांनीही वाचला, आणि मंडळात तो वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इतकं सुंदर इंग्रजी! विष्णूचं नाव होतं, तो रोज वेगळ्या दारी जेवतो असं होतं, आणि पूर्वपरीक्षा पास झाला त्या दिवशी मी त्याला श्रीखंड वाढताना तू काढलेला फोटो होता. त्यात वाईट हेतूचा कण नव्हता. मी आजही कुणाहीपुढं शपथेवर सांगेन. कंपनी त्या फोटोचं कॅलेंडर काढील, हे तुलाही कुणी विचारलं नव्हतं.

ती दुपार तुलाही आठवत असेल. खानावळीत कंपनीचा माणूस कॅलेंडरची भेंडोळी घेऊन आला, पाण्याच्या फिल्टरच्या वर भिंतीत खिळा ठोकून एक लावून गेला. तू लाडू वाढत होतीस. पोरं पानं उलटायला लागली आणि सप्टेंबरवर ओरडली, अबे विष्णू, हीरो बन गया तू! तोही हसत उठला. मग कुणीतरी खालची इंग्रजी ओळ मोठ्यानं वाचली. दारोदार जेवणारा विष्णू आता रोज पोटभर जेवतो. विष्णू परत येऊन बसला, पान पूर्ण केलं, उठताना तात्यारावांपाशी थांबला आणि म्हणाला, काका, आमच्या घरी मंगळवारी शाळेतला एक पोरगा जेवायचा. आईनं त्याचा फोटो कधी काढला नाही.

तो हे हळू बोलला होता, पण लाडवाचं ताट घेऊन तू मागंच उभी होतीस. त्यानंतरच्या सोमवारी तो आला नाही. मुखर्जीनगरला खोली बदलून गेला. तूही मंडळात येईनाशी झालीस. लग्नाची गडबड आहे, असं विनया सांगायची, आणि लग्न झाल्यावर तू पुण्याला गेलीस ती गेलीसच. दोन वर्षांत माझ्या चार पत्रांना विनयाच्या हातची उत्तरं आली. फोनवर तू, हो मावशी, बरं मावशी, बाळ रडतंय मावशी. बाळ रडत नव्हतं गं. मला ऐकू येतं अजून.

आता खानावळ मोडते आहे तेव्हा मी मंडळाच्या बैठकीत विचारलं, पुन्हा वार सुरू करू या का? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणाच्या नातवंडांची ट्यूशन, कुणाच्या सुनेला चालणार नाही, कुणाच्या गेटवर फार चौकशा. खरं तर आम्हाला सवयच राहिली नाही. तीन वर्षं पैसे आले आणि आम्ही सगळ्यांनी निर्धास्त होऊन आपापल्या घरचं ते एक पान उचलून ठेवलं. निधी आला तसा परत गेला, पण जे त्याच्या आधी होतं ते काही परत येत नाही. जोशीण उठताना मला हळूच म्हणाली, मुनीरच्या खजुराची बरणी अजून आहे गं माझ्याकडं. पोरं आता डबा लावणार आहेत. डबे चांगले असतात म्हणे. असतीलही.

हे सगळं तुला खिजवायला लिहीत नाही. आता मुद्द्याचं लिहिते, आणि ते लिहायला मला एवढी पानं लागली. परवा गेटवरून फोन आला, आंटीजी, कोई विष्णू जी हैं. मी चपला न घालताच लिफ्टशी गेले. दिल्लीची परीक्षा त्याला दोनदा हुकली, पण आपल्या राज्याची पास झाला. नायब तहसीलदार होणार, प्रशिक्षणाला पुण्याला येतो आहे, या महिनाअखेरीस. अंगानं भरला आहे, कानाशी चार केस पांढरे. बराच वेळ तात्यारावांच्या डोळ्याचं, माझ्या गुडघ्याचं विचारत बसला, मग म्हणाला, मावशी, संपदाचा पत्ता द्या. आणि सांगायला लागला, की त्याच्या तालुक्याच्या गावी त्याच्या जुन्या मास्तरांनी आणि आईनं मिळून मुलींसाठी अभ्यासिका काढली आहे. गावच्या मुली खोल्या घेऊन राहायला धजत नाहीत, म्हणून रात्री राहायची सोय हवी आहे. त्यासाठी मुंबईच्या एका न्यासाकडं अर्ज करायचा आहे. मास्तरांनी लिहून बघितला, तो सरकारी तक्रारीसारखा झाला. विष्णू म्हणाला, अर्ज संपदानंच लिहावा, तिच्यासारखं कुणाला जमत नाही. फक्त पाठवायच्या आधी एकदा आईला मराठीतून वाचून दाखवावा. आई हो म्हणाली की पाठवायचा.

तुझा पत्ता माझ्या पाकिटावर होता, मी दिला नाही. म्हटलं, तिला विचारते. त्याच्या मनात राग उरला आहे का, हे मी विचारलं नाही, आणि त्यानंही तुझ्या मनाचं विचारलं नाही. तू नको म्हणालीस तर मी त्याला तसं सांगेन आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही, विनयाजवळसुद्धा नाही. पण उत्तर तुझ्या हातचं हवं. फोन नको, फोनवर तू निसटतेस. एक कार्ड टाक, त्यावर एवढंच लिही, दे किंवा देऊ नको. तो निघायच्या आत माझ्या हातात पडेल इतकं लवकर टाक.

तुझीच,
इंदूमावशी