त्रेसष्टच्या खालची ओळ

४ मार्च

आदरणीय काका,

नमस्कार. आपली आणि घरातील सर्वांची प्रकृती उत्तम असेल, आणि आपला उजवा गुडघा जिन्यावर पूर्वीइतका छळत नसेल, अशी आशा करते. इकडे सर्व ठीक आहे. आईचा खोकला गेला. मुद्रणालयात सध्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रिते तपासण्याचे काम चालू असल्यामुळे दिवसभर नद्या आणि पर्वत यांच्या वेलांट्या तपासते.

क्रमांक त्रेसष्टचे कार्ड पोहोचले. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चारही बाजूंनी सुतळी, आणि गाठ अशी की सोडवताना कार्डाला नख लागू नये. आपल्याच हातची बांधणी. मी शाळेत पहिली आले म्हणून मामाने स्वतःची जुनी, फुटबॉलपटूंची एकाहत्तर कार्डे मला बक्षीस दिली होती, हे आपल्याला पहिल्याच पत्रात लिहिले होते. त्यानंतर नऊ वर्षांत आपल्या कार्डांच्या देवाणघेवाणीच्या यादीतल्या दहा जणांनी मिळून मला उरलेली कार्डे पुरवली आणि शेवटचे आपण दिलेत. फुटबॉलचा एकही सामना मी आजवर मैदानावर जाऊन पाहिलेला नाही. मला खेळाडूंच्या चित्रांपेक्षा कार्डाच्या मागच्या बाजूचा मजकूर आवडतो, यावरून सर्वांनी माझे नाव ‘मागची बाजू’ पाडले, आणि आपण एकटेच मला ‘मास्तरीणबाई’ म्हणता. अशा मुलीसाठी एवढा खटाटोप आपण सर्वांनी केलात, याबद्दल आभार कसे मानावेत हे समजत नाही.

सोबतचे दोन ओळींचे पत्रही मिळाले. ‘क्रमांक ६३ पाठवीत आहे. मिळाल्याचे कळवावे.’ पत्र अतिशय नेटके आहे. अक्षर सूनबाईंचे असावे. आपली पत्रे एरवी चार-चार पाने असतात, तेव्हा या वेळी आपण घाईत असाल, असे समजते.

कार्डाच्या मागे चार कोपऱ्यांवर डिंकाचे फिकट डाग आहेत. त्यामुळे मजकुराला बाधा आलेली नाही.

एक किरकोळ गोष्ट राहिली. गेल्या महिन्यात आपल्याला क्रमांक अठरा पाठवताना पुठ्ठ्याभोवती मुद्रणालयातला एखादा तपासलेला कागद गुंडाळला गेला असल्यास त्याकडे लक्ष देऊ नये. आमच्या टेबलावर अशा कागदांचे ढीग असतात आणि यातले त्यात जाते. तो फाडून टाकावा.

सर्वांना नमस्कार.

आपली नम्र,
मागची बाजू


१५ मार्च

आदरणीय काका,

नमस्कार. चार तारखेचे पत्र मिळाले असेलच. उत्तराची घाई नाही.

शनिवारी आपल्या यादीवाल्यांच्या औषधांच्या दुकानात गेले होते. संच पूर्ण झाल्याचे सांगावे आणि यादीतून माझी ‘हवे’ची ओळ काढून घ्यावी, एवढेच काम होते. ते नेहमीप्रमाणे गोळ्या मोजत होते. मला पाहून म्हणाले, “या मागची बाजू. आज समोरून आलात.” मग शेजारचा स्टूल पुढे सरकवून त्यांनी आपला विषय काढला. आपण आपले नाव यादीतून काढायला सांगितले आहे, असे ते म्हणाले. कारण विचारले तर आपण वय झाल्याचे सांगितलेत. “वय काय गेल्या महिन्यातच झालं का?” असे त्यांनी मलाच विचारले, जणू आपले वय माझ्याकडे ठेवायला दिले होते.

त्यानंतर त्यांनी सांगितले ते असे. क्रमांक त्रेसष्ट आपल्याकडे जादा नव्हते. आपल्या वहीत डिंकाने चिकटवलेले एकच होते, आणि तेच आपण वाफेवर धरून सोडवून मला पाठवलेत. आपल्या मंडळींचा पहिला नियम मला पाठ आहे: जादा असेल तेच द्यायचे, संच मोडून द्यायचे नाही. तो नियम आपणच केला होता, असेही त्यांनी सांगितले. डाग पाहूनही मी आपल्याला ‘मजकुराला बाधा नाही’ असे लिहिले. काका, मी डाग पाहिले तेव्हाच मला समजायला हवे होते. खरे लिहायचे तर, समजले होते.

“तुमचं दोघांचं काही वाजलं का?” यादीवाल्यांनी विचारले. मी नाही म्हटले. ते म्हणाले, नवी यादी एकतीस तारखेला करतो, तोपर्यंत त्यांचे नाव खोडत नाही.

आता त्या कागदाविषयी. तो मुद्रणालयाचा नव्हता. तो आपल्या पत्राचा होता. मी त्रेसष्ट क्रमांकाची विचारणा केल्यावर आपण जे चार पानी उत्तर पाठवलेत, त्याचे शेवटचे पान. त्यावर लाल खुणा होत्या आणि त्या माझ्या होत्या. आपण त्या पाहिल्या असणार.

हे सवयीने झाले. आमचा हात आपोआप चालतो. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, कशातलीही चूक दिसली की बोटे शिवशिवतात. बसच्या तिकिटामागचे नियमही मी एकदा तपासून काढले आहेत. यात आपला अवमान करण्याचा हेतू नव्हता. पान पाकिटात जाणे हा तर निव्वळ अपघात होता.

कार्ड परत पाठवू का? आपण म्हणाल तसे करीन. संचाच्या वहीत मी ते अद्याप लावलेले नाही. आई परवा म्हणाली, “पोस्टमनची वाट पाहत इतकी वर्षं जिन्यात बसायचीस, आणि आता सगळं मिळालं तर तोंड एवढंसं?”

कृपया दोन शब्द कळवावेत.

आपली,
मागची बाजू


२३ मार्च

काका,

सूनबाईंचे पत्र काल आले. त्या लिहितात: ‘मामंजी म्हणतात, दिलेलं परत घेत नाहीत, कार्ड ठेवा. तुम्हाला स्वतःच लिहायला बसले होते. प्रत्येक शब्दाला मला विचारत होते, पहिली की दुसरी. चौथ्या ओळीला पेन ठेवलं आणि म्हणाले, राहू दे, तूच लिही. बागेत जाऊन बसले. तुमचं काय झालंय ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही.’

हे पत्र मी जिन्यातच वाचले आणि वर गेले नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षे मैदानाची निगा राखली, ज्याने दोन्ही गोलच्या मधली वीत अन् वीत जमीन ओळखली, तो माझ्यामुळे एका वेलांटीपाशी अडला. या महिन्यात मी दोन पत्रे लिहिली आणि दोन्हींत खोटे लिहिले. पहिल्यातले उघड होते. दुसऱ्यातले सवयीच्या आड लपले होते. आता जे झाले ते लिहिते.

तुमचे ते पत्र मी मुद्रणालयात नेले होते. दुपारच्या सुट्टीत आम्ही सहा-सात जण कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून डबे खातो. दोन वर्षांत मी तिथे आपणहून दहा वाक्येही बोललेली नाही. माझ्या तोंडून शब्द निघेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्या दिवशी कुणीतरी हातातल्या पत्राबद्दल विचारले, आणि मी ते वाचून दाखवले. जसे लिहिले होते तसे. दुसरी वेलांटी दिसली की लांबवून, पहिली दिसली की तोडून, ‘पन’ला ‘पन’ आणि ‘कुनी’ला ‘कुनी’. सगळे हसले. यंत्रावरचे दादा डोळे पुसत म्हणाले, “अगं, तुला आवाज आहे की!” आमच्या मुख्य तपासनीस बाईसुद्धा हसल्या, आणि त्या सहसा हसत नाहीत. मला फार आनंद झाला, काका. हे लिहायची लाज वाटते, पण झाला होता तो आनंदच. मग तो आणखी थोडा मिळावा म्हणून मी लाल पेन काढले आणि सगळ्यांच्या देखत शेवटचे पान तपासले. सत्तावीस चुका. दहापैकी दोन गुण. खाली शिक्षक लिहितात तसा शेरा. तो तुम्ही वाचला आहे. तो मी इथे पुन्हा लिहिणार होते, पण आता नाही, शेवटी लिहीन.

पान पाकिटात गेले तो मात्र खरोखर अपघात होता. पण त्याचा आधार मी किती दिवस घ्यावा? तसे झाले नसते, तर तुम्हाला कधीच कळले नसते आणि मी तुम्हाला ‘आदरणीय’ लिहीत राहिले असते.

आता ते पान माझ्याजवळ नाही. काल मी ते आठवायला बसले आणि ध्यानात आले, की त्यातली हकिगत मला सांगता येत नाही. त्रेसष्ट क्रमांकाच्या गोलरक्षकाविषयी काहीतरी होते, एवढेच. कार्डामागचा मजकूर तोंडपाठ आहे: उंची, वजन, एकशे चार सामने. तुमचे मात्र मी वाचलेच नव्हते, नुसते तपासले होते. पण चुका आठवत होत्या. सत्तावीसच्या सत्तावीस. तेव्हा मी त्या ओळीने कागदावर मांडल्या. ‘चीखल’. ‘अनवानि’. ‘माति’. ‘फावड’वर अनुस्वार नाही. ‘तिन दीवस’. आणि त्या एकेका शब्दाचा हात धरून मी मागे मागे गेले, तशी तुमची हकिगत सापडत गेली.

सोपा गोल खाऊन तो गोलरक्षक सामना हरला होता. सगळे निघून गेल्यावर तुम्ही फावडे घेऊन गोलपाशी गेलात, तर तो तिथेच होता, अनवाणी, उखडलेली माती पायांनी दाबून बसवत. तुम्ही म्हणालात, राहू द्या, ते माझे काम आहे. तो म्हणाला, “खड्डा माझाच आहे.” मग तुम्ही दोघांनी अंधार पडायच्या आत ती जमीन सारखी केलीत. तो हातमोजे चिखलात विसरून गेला. तुम्ही ते धुऊन गोलच्या खांबाला बांधून ठेवलेत, तीन दिवस. तो आला नाही. त्यानंतर तो कधीच खेळला नाही. तुमच्या वहीत त्याचे कार्ड एकच का होते, आणि एरवी जादाची कार्डे मूठमूठ वाटणारे तुम्ही त्या एका कार्डासाठी ‘विचार करतो’ असे का लिहिलेत, ते मला काल समजले.

आणि त्याखाली तुम्ही लिहिले होते: ‘हे मी कुनाला सांगीतल नव्हत.’ एका वाक्यात चार चुका, म्हणून त्या वाक्यावर सगळ्यांत जास्त हसू आले होते. त्यानंतर फक्त तुमचा ‘आशिर्वाद’ होता. मी त्यालाही लाल गोल केला होता. पहिली वेलांटी म्हणून.

ते पान हातात पडल्यावर तुम्ही वही काढलीत, ते कार्ड वाफेवर धरलेत आणि मला पाठवलेत. रागावला असतात तर मी कुठेतरी उभी राहू शकले असते.

आज सुट्टीत मी मुद्रणालयात ती हकिगत सांगितली. उभी राहून, नीट, हसू येईल असे काही न करता. यंत्रावरचे दादा बराच वेळ डबा बंद करत राहिले, मग म्हणाले, “त्या दिवशी तू हे का नाही वाचलंस?” मी म्हटले, मला दिसले नाही. यादीवाल्यांनाही घरी जाताना खरे सांगणार आहे, म्हणजे तुमच्या नावापुढे ‘वय झाले’ असे खोटे कारण लागायला नको.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. संचाच्या वहीत प्रत्येक कार्डाखाली मी ते देणाऱ्याच्या पत्रातली एक ओळ उतरवते, कार्ड कुठून आले त्याची आठवण म्हणून. या नऊ वर्षांत मी तुम्हा सर्वांच्या ओळी शुद्ध करून उतरवल्या होत्या. कुणाला न विचारता. काल जुनी पत्रे काढून सगळ्या ओळी खोडल्या आणि जशा होत्या तशा पुन्हा लिहिल्या. वही घाणेरडी दिसते, पण आता त्यात तुम्ही सगळे ओळखू येता. त्रेसष्ट क्रमांक आज त्याच्या जागी लावला. त्याच्या खालची ओळ रिकामी आहे. ती मी लिहू शकत नाही, सूनबाईही नाही.

एकतीस तारखेला आठ दिवस आहेत. तुम्ही नाव काढलेत तरी मला बोलायला तोंड नाही. त्या पानाच्या तळाशी मी लाल शाईने जो शेरा मारला होता, तो आज निळ्या शाईने, तुमच्या पायांशी बसून लिहिते आहे. त्या दिवशी तो हुकूम होता.

पुन्हा लिहा.

पहिल्या वेलांटीच्या आशिर्वादाची वाट पाहणारी,
तुमची मास्तरीणबाई