लाकडांची खोप

फाउसुरा, उत्तर मलाइता
४ मार्च १९९६

प्रिय वर्लिनवहिनीस,
सा. न. वि. वि.

साचा उलटा केला, चारी बाजूंनी थापट्या मारल्या आणि संडासाची लादी अख्खी बाहेर आली. हात अजून सिमेंटचे आहेत, म्हणून कागदावर हे डाग. कडा गुळगुळीत, भोकावर घट्ट बसणारं झाकण, माशीला वाट नाही. प्रशिक्षण केंद्रातल्या मास्तरांनी पाहिली असती तर निदान मान हलवली असती.

पण घेणारं कोणी नाही. सगळ्यांना दिसावा म्हणून नमुन्याचा संडास मी चर्चच्या वाटेवरच बांधला. बघायला सगळे आले, आत कोणी गेलं नाही. आता सायलसकाकांनी त्यात कंद भरून ठेवलेत. गावात इतकी कोरडी जागा दुसरी नाही म्हणतात. मी चिडले, तर म्हणाले की पोरी, हे तुझ्या कामाचं कौतुकच आहे.

गाव अजून खारफुटीतच जातं. माझ्या चुलतभावाची, बॅडलीची, धाकटी जुलाबांनी इतकी सुकली की तिला होडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचली. मी बॅडलीला म्हटलं, एक लादी फुकट घेऊन जा. तो समुद्राकडे बघत जाळ्यांबद्दल बोलत राहिला.

ईस्टरपर्यंत एकही खपली नाही तर साचे विकून नोरोला मासळीच्या कारखान्यात जाईन. दादाला यातलं सांगू नकोस. मी सिमेंटच्या वस्तू करते एवढंच त्याला माहीत आहे, आणि कसल्या वस्तू ते मी त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगू?

तिथल्या धावपळीत मला विसरू नकोस.
तुझी नणंद,
लव्हलिन


होनिआरा
१५ मार्च १९९६

चि. लव्हलिनला अ. आ.

कंदांपर्यंत हसत वाचलं. पुढे हसू आलं नाही. आमच्या दवाखान्यात या महिन्यात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं आहेत, सगळी त्याच दुखण्याची. सलाइन लावून आम्ही त्यांना घरी धाडतो, आणि ती परत येतात.

तू त्या गावात जन्मलीस, म्हणून तुला दिसत नाही. मी इसाबेल बेटावरची. लग्न होऊन आले तेव्हा मला नवल वाटायचं की तुमच्याकडचे पुरुष पहाटे कोयता घेऊन जातात कुठे? तिकडे तर कोणाचा मळाच नाही. मग सासूबाईंनी सांगितलं. भाऊ कशासाठी निघालाय हे बहिणीला कळता कामा नये, आणि बहीण कशासाठी निघालीय हे भावाला. तू मात्र त्या कामाचं दार थेट चर्चच्या वाटेवर उघडलंस.

आणि विकायला बसलंय कोण? निम्म्या गावाची बहीण. बॅडलीने तुझ्याकडे मागायचं तरी काय म्हणून?

उपाय मला सुचत नाही. तुला सुचेल. डबे भरायला नोरोत हात पुष्कळ आहेत. अशी लादी ओतणारी तिकडे तू एकटीच आहेस, हे जाण्याआधी एकदा मनात आण.

खुशाली कळवत जा, नाहीतर मी रुसेन.
वर्लिन


फाउसुरा
२६ मार्च १९९६

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी चर्चच्या वाटेवर जाऊन उभी राहिले. चिंचोक्याएवढीही अक्कल नाही मला. सायलसकाकांना कंद काढायला लावले आणि तो नमुन्याचा संडास पाडला.

आता ऐक. चुलीची लाकडं इथे घरोघरी भिजतात. म्हणून मी एक खोप बांधली. समोरून लाकडं रचलेली, वाटेवरून बघणाऱ्याला लाकडंच दिसतात. मागे झाडीच्या बाजूला दार, आणि त्या दारामागे माझी लादी. जाणारा लाकडं आणायला जातो, येताना दोन लाकडं घेऊन येतो. बायकांची वाट वेगळी, पुरुषांची वेगळी. साच्यांच्या पडवीवर पाटी लावली आहे की लाकडांच्या खोपी बांधून मिळतील.

पाटी वाचून बायका तोंडाला लुंगीचं टोक लावून हसल्या. एकीनेही काही विचारलं नाही. आईने मागच्या बाजूला एक चक्कर मारली आणि म्हणाली की वारा बरा येतो. पण मागणी अजून एकही नाही, आणि ईस्टर दारात आलाय.

दोन ओळींचं का होईना, उत्तर धाड.
लव्हलिन


होनिआरा
१ एप्रिल १९९६

चि. लव्हलिनला अ. आ.

तुझा शब्द मी मोडला. पूर्ण नाही, पाटीची ओळ तेवढी एलिसनना वाचून दाखवली. ते बराच वेळ करवतीला धार लावत बसले. सगळं समजलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमची पोरगी हुशार निघाली.” तुझ्या भावाच्या तोंडून कोणाची स्तुती मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली. माझा नंबर अजून लागायचाय.

खाली त्यांनी स्वतः लिहिलंय. मी कागद धरून उभी होते, तेव्हा हस्ताक्षराला हसू नकोस.
वर्लिन

चि. लव्हलिन,
आईच्या घरामागे लाकडांची एक खोप बांध. जागा तू ठरव. सिमेंट आणि पत्रे शुक्रवारच्या बोटीने येतील. घरातली लाकडं कोरडी असलेली बरी. बॅडलीलाही वेगळं लिहिलं आहे. लाकडांबद्दलच.
तुझा दादा,
एलिसन


फाउसुरा
६ एप्रिल १९९६

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

बोट काल आली. सिमेंट आईच्या ओसरीवर रचलंय. दादाचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती लाकडं या शब्दावर हसली नाही, पण मग हसू लपवायला चुलीकडे तोंड करून बसली.

बॅडलीलाही पत्र मिळालंय. संध्याकाळी तो पडवीवरून दोनदा गेला, थांबला नाही. उद्या ईस्टर. दादाची खोप घरचीच, ती मी खपली असं धरत नाही. नोरोला जाणाऱ्याकडे निरोप द्यायचा की नाही ते उद्यावर ठेवलंय. पत्रही मिटलेलं नाही.

ता. क. ७ एप्रिल, सकाळ. प्रार्थना सुटल्यावर बॅडली धाकटीला कडेवर घेऊन आला. समुद्राकडे बघत म्हणाला की लाकडं ठेवायला एक खोप हवी, बायको मागे लागलीय. मी विचारलं, लाकडं किती आहेत. तो म्हणाला, लाकडं काही नाहीत. मी दोरी घेतली आणि माप घ्यायला त्याच्या मागून निघाले.