गाण्यातली कुकरची शिट्टी

गुरुवार, संध्याकाळ

काल्हेरच्या गोडाऊनमधून आलो, पाय भरून आलेत. पण डोक्यात ती शिट्टीच आहे.

साताऱ्याकडची कोणी मुलगी आहे. घरातच गाणी रेकॉर्ड करते आणि कुणालाही डाउनलोड करता येतील अशी नेटवर ठेवते. तिच्या एका गाण्यात मध्येच कुकरची शिट्टी वाजते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुजाता गॅस बंद करायला उठली होती. आमचा कुकर तर घासायला पडला होता. त्या दिवसापासून ते गाणं आमच्या घरचंच झालं.

मागच्या आठवड्यात म्हटलं, हिला दोन शब्द लिहावेत. पण ड्युटी करून आलेलो, डोळे मिटत होते. एवढंच लिहिलं, "गाणं छान. मध्ये कुकरची शिट्टी ऐकू येते." ती शिट्टीच आवडते, हे लिहायचं राहिलं. का राहिलं? एक ओळ तर होती.

आज तिचं उत्तर आलं. "सॉरी दादा, शिट्टी काढली. नवीन फाइल टाकलीय, थँक्यू." मी लगेच डाउनलोड केली. जुनी फाइल बदलू का, असं फोनने विचारलं आणि मी सवयीने हो दाबलं.

आता गाणं स्वच्छ आहे. नुसतं स्वच्छ. परत लिहू का तिला? पण बिचारीने किती खटपट केली असेल ती शिट्टी काढायला.

सुजाता आत कणीक मळता मळता ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "आज हिने भात नाही लावला?"