हंडा घासलेला होता

९ एप्रिल
"तुमी लिहिता तसं आमी बोलत न्हाई वन्सं, पन तसं बोलता आलं असतं तर लई बरं झालं असतं." वहिनी हे म्हणाली त्याला वीसेक वर्षं होतील. माझी पहिली छापलेली कथा मी तिला चुलीपुढं बसून वाचून दाखवली होती. दादा तेव्हा होता. आज तेच वाक्य वि.नी मला ऐकवलं. कधीतरी मीच सांगितलं असणार. त्यांच्या लक्षात राहिलं आणि आज कामाला आलं.

काम असं. सरकारनं हवामान धोरणाचा मसुदा काढलाय. त्यात एक कलम आहे, जिथं दर उन्हाळ्यात टँकर लागतो अशा तालुक्यांत इथेनॉलचा नवा कारखाना नको. इथेनॉल कारखानदारांच्या संघाला ते कलम काढून हवंय; माझ्या माहेरच्या गावात ठरलेला कारखानाही त्यामुळं अडलाय. वि. संघाचे सचिव. मुंबईहून समिती पाथर्डीकडं येणार, आमच्याच गावात, लोकांचं ऐकायला. कुणाचं ऐकायचं ते संघ ठरवणार.
"वहिनींना चार वाक्यं लिहून दे. त्यांच्या बोलीत. नवरा म्हणून नाही, सचिव म्हणून विचारतोय."
नाही म्हणाले नाही. हो, असंही नाही.

१२ एप्रिल
जेवताना विचारलं, तुमचा संघ हवामानाच्या बाजूनं की विरुद्ध? हसले. "दिल्लीत सांगतो, पेट्रोलमध्ये आमचं इथेनॉल मिसळा, धूर कमी होईल. ते खोटं नाही. मुंबईत सांगतो, पाण्याची अट काढा." मग भात कालवत, हळू आवाजात, "दोन्ही निवेदनं एकाच बॅगेत असतात माझ्या."
साखर कारखान्यात केमिस्ट होते तेव्हा मळीच्या वासाचे कपडे घालून घरी यायचे आणि उत्साहानं समजावत बसायचे, उद्या गाड्या यावर चालतील. तो माणूस खरा होता. अजूनही असेल, आत कुठंतरी.

१७ एप्रिल, माहेरी
वहिनीचा गणेश आणि सून सारिका ऊसतोडीहून मागच्या आठवड्यात परत आले. त्यांच्या परीनं आईला ओळखलं नाही. वहिनीच्या लुगड्यामागं लपली आणि तिथूनच बघत राहिली. सारिका हसली, मग पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. बराच वेळ आलीच नाही.

वहिनीला दुसरं काही सुचत नाही. "कारखाना झाला तर गन्या हितंच कामाला लागंल. दाजी म्हनलेत. पुन्यांदा कोयता घ्यायला नको, की पोरीनं आईला पावनी समजायला नको."
मी म्हणाले, कारखाना खोल बोअर घेईल, गावच्या बोअरला आत्ताच थेंब नाही, मग काय?
"न्हाईच पानी, तर नसलेलं कोन नेतंय?"
मी वही काढली.
चार वाक्यं लिहिली. तिनं दोन काढायला लावली. "ही तुमची हायेत. माझी न्हाईत."

२ मे
समिती येऊन गेली. आजचं आजच लिहून ठेवते.

वहिनीच्या दारात लिंबाची सावली मोठी, म्हणून मांडव तिथंच. संघाच्या पोरांनी पाण्याच्या बाटल्यांची खोकी उतरवली. वहिनीनं ती बघितली आणि पदर खोचला. "माझ्या दारात पावन्याला इकतचं पानी? घर हाय का यष्टी स्टँड?" पोरं हसली. त्यांना वाटलं, गंमत करतेय. ती आत गेली. तांब्याचा हंडा पहाटेच चिंचेनं घासून ठेवलेला, नुसता झळकत होता. पेले भरले, ताटात मांडले आणि समितीपुढं स्वतः फिरवले. वि. लांबून बघत होते. मेव्हण्याच्या बायकोला, तिच्याच दारात, पाणी देऊ नका असं कुठल्या तोंडानं सांगणार?

समितीच्या अध्यक्ष बाईंनी एक घोट घेतला. भिडेखातर दुसरा घेतला. मग पेल्यातलं पिवळट पाणी बघितलं.
"हे पाणी कुठलं?"
"टँकरचं. तुरटी फिरवलीया." वहिनी अभिमानानं म्हणाली. "बोअरच्या पान्याला तर जनावरं बी त्वांड लावत न्हाईत."
त्यानंतर ती आपली दोन वाक्यं बोलली. गणेशचं, परीचं. न अडखळता, फार चांगलं बोलली. कुणी ऐकत नव्हतं. सगळे आपापल्या पेल्यात बघत होते.

 परतताना गाडीत, नगरजवळ चांदबीबीचा महाल दिसल्यावर वि. म्हणाले, "एवढी खोकी आणली होती."

१९ जून
कलम कायम. आमच्या गावचा कारखाना गेला. ज्यांना काढायचा होता ते आता नेवाशाकडं जागा बघतायत म्हणे. संघाच्या अध्यक्षांनी वि.ना फोनवर झापलं. गॅलरीत उभे राहून नुसतं "हो साहेब, हो साहेब".
मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच लाज वाटली, कारण लगेच वहिनीचा फोन.
"माझं काय चुकलं वन्सं? पानीच तर दिलं."

२७ ऑगस्ट
संघ हार मानत नाही. फेरविचाराचा अर्ज मंजूर झालाय, दिवाळीनंतर मुंबईत पुन्हा सुनावणी. वि.नी पेपर तोंडापुढं धरून सांगितलं, समितीच्या त्या बाईंच्या मनातून पेला जात नाहीये. वहिनींनी एवढंच सांगायचं, की त्या दिवशी हंडा घासलेला नव्हता, म्हणून पाणी तसं दिसलं. टँकरचं पाणी चांगलं असतं. कलम निघालं तर कारखाना पुन्हा आमच्याच गावी.
"हे तुम्हाला सुचलं?"
"संघाच्या अध्यक्षांना."
"तुमच्या आईनं म्हटलं असतं असं? चार लोकांत?"
पेपरचं पान उलटलं. ते आधीचं होतं की पुढचं, त्यांनाही कळलं नसावं.

११ ऑक्टोबर
गणेश आणि सारिका गेले. मुकादमाचा ट्रक आला तेव्हा परी झोपेत होती, ते बरं झालं की वाईट, वहिनीला ठरवता येत नाही. उठल्यावर पोर रडली नाही. ट्रक कुठं गेला, एवढंच विचारलं.
मग वहिनी फोनवर म्हणाली, "दाजींस्नी सांगा, ते म्हनले तसं येते मी. हंडा खरकटा हुता म्हनते. सासूबाईंनी बी कधी बोट दाखवलं न्हाई माझ्या भांड्याला. जाऊ दे. नाक जाईल, पोरगं तर दारात ऱ्हाईल."
मी काही बोलायच्या आत, "तुमी तेवढं लिहून द्या वन्सं. मला खोटं सुचत न्हाई."

२० ऑक्टो.
लिहिलं नाही. लिहायला बसले होते, तेही खरं. तिच्या बोलीत ते वाक्य इतकं सहज आलं मनात, की पेन खाली ठेवलं.
वि.ना म्हटलं, त्यापेक्षा गणेशला तुमच्या ओळखीनं सुप्याच्या कारखान्यांत कुठं चिकटवा. म्हणाले, तिथं आयटीआय मागतात. तेही खरं असेल. सगळ्यांचंच सगळं खरं आहे, आणि टँकर तरीही दर उन्हाळ्यात येतोच.

१४ नोव्हेंबर
वहिनी दुपारीच आलीय. उद्या सकाळी वि.बरोबर मुंबईला. नवं लुगडं पिशवीत घडी घालून आणलंय, नेसली नाही अजून. परी सोबत आहे, टीव्हीसमोर. कागद मागितला नाही तिनं. "पाठ झालंय माझं मलाच," म्हणाली.

वि. बँकेत गेलेत. घरात परी सोडून आम्ही दोघीच. तिच्या मुलाला दारात ठेवता येईल असं माझ्याकडं काहीही नाही. मी पुण्यामुंबईच्या मासिकांत लिहिणारी बाई, माझ्या घरातलं कुठलं मूल आपल्या आईला विसरत नाही. कुठल्या अधिकारानं बोलू? आणि ती काय उत्तर देईल ते मला माहीत आहे. आवाज न चढवता देईल, आणि वर माझीच समजूत काढील.
तरी आता स्वयंपाकघरात जाऊन विचारते. वहिनी, उद्या बाकी काय म्हणायचं ते म्हण, पण हंडा घासलेला नव्हता, एवढं म्हणू नकोस.