ज्योती दवाखान्यात काय शिकली

लिंबायत, सुरत
८ फेब्रुवारी २०२५

ती. सुकदेवभाऊस,
सुषमाचा नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? इकडची थंडी ओसरली. माझा फोन फुटला, म्हणून कागदावर लिहिते.

तुझी भाची ज्योती आता सातवीत आहे. शाळा सुटली की कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात सरलाबेन डॉक्टरांना मदत करते. तू म्हणाला होतास, पोरीला रक्ताचं काम कशाला? एकदा मी बघायला गेले. टेम्पोखाली सापडलेलं कुत्रं होतं, मागचा पाय लोंबत होता. कंपाउंडरच्या मनगटाचा त्याने लचकाच तोडला. ज्योतीने मागून त्याच्या डोक्यावर गोधडी टाकली आणि जखम धरली. बेन म्हणाल्या, "दबावी राख." ती दाबून बसली, कुत्र्याशी हळू आवाजात बोलत. घेरी मला आली, तिला नाही.

ह्यांचं बरं आहे. कापडाच्या लूमवर कामाला जातात, पितात. तुला ठाऊक आहे. मागे मी माहेरी निघून आले, तेव्हा 'सांभाळून घे' म्हणत तूच मला परतीच्या गाडीत बसवलंस.

रविवारी दुपारी ज्योतीने दवाखान्यातलं एक लंगडं पिल्लू घरी आणलं. ह्यांनी ते पायाला धरून भिंतीवर आपटलं. मेलंच. मी तुला फोन लावायला घेतला, तर तो फोडला आणि खलातला बत्ता उचलला. एक घाव हातावर बसला, एक डोक्यात. रक्त ओघळून माझ्या डोळ्यांत गेलं, दिसेना.

ज्योतीने मागून गोधडी टाकली. हे तोल जाऊन ओट्यावर तोंडघशी पडले, दात तुटले. तिने मला ओढत बाहेर काढलं आणि कडी लावली. आतून दारावर लाथा बसत होत्या. ही पायरीवर माझं डोकं मांडीवर घेऊन ओढणी दाबून बसली. जमलेल्या लोकांना म्हणाली, "बघता काय, रिक्षा आणा." मग मला म्हणाली, "आई, डोळे मिटू नको. माझ्याशी बोल." आवाज अगदी हळू. त्या कुत्र्याशी बोलत होती तसा.

टाके घालून झाले तेव्हा कुठे ती रडली. विचारत होती, "गोधडीत पप्पांना श्वास घेता येत होता ना? बेननी शिकवलंय, नाक मोकळं ठेवायचं." मी हो म्हटलं. भाऊ, मला त्याची काही पडली नव्हती.

आम्ही दोघी सरलाबेनच्या मागच्या खोलीत राहतो. पोलिसांनी त्याच दिवशी धरून नेलेला उखा जामिनावर सुटला आहे. त्याला आता 'हे' म्हणवत नाही. तो तुझ्याकडे येईल, रडेल, पाया पडेल.

त्याला घेऊन येऊ नकोस. एकटा आलास तर दार उघडीन.

तुझीच,
सुषमा