माश्यांच्या वाटचा काळा मध

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. मी बरा आहे, म्हणजे उभा आहे. मध भरायच्या या कारखान्यात दिवसभर डबे उचलायचे आणि खोलीवर येऊन आडवं व्हायचं, एवढंच चाललंय. खोलीतला दुसरा भाडेकरू ड्रायव्हर आहे, झोपेतही गिअर बदलतो. खरंच, हात हलतो त्याचा! मला वाटलं होतं इथे तरी महिनाभर टिकेन, पण पाय पुन्हा शिवशिवायला लागलेत. असो. ते नाही सांगायचंय.

तू पाठवलेला, तुझ्या मधमाश्यांच्या पेट्यांतल्या मधाचा नमुना पोचला. मुकादमाने झाकण उघडलं, काळाभोर रंग बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बहिणीने साखरेचा पाक करपवून ओतला की काय रे?"

मी म्हटलं, "आमच्या घरी करपवायचं खातं माझ्याकडे होतं."

हसले सगळे. पण तपासणीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्ही कमी निघाले. फुलांच्या मधात याच दोन साखरा भरपूर असतात म्हणे. मी तडक प्रयोगशाळेतल्या मॅडमकडे गेलो. "मॅडम, माझी बहीण भेसळ करणाऱ्यांतली नाही."

"अरे बाबा, भेसळ कोण म्हणतंय? हा फुलांचा मधच नाही."

त्यांनी समजावलं, झाडावर मावा नावाची कीड पडते ना, ती पानांचा रस पिते आणि गोड चिकटा टाकते. फुलं नसली की माश्या तोच गोळा करून आणतात. त्यात साध्या साखरा कमी आणि मेलेझिटोज नावाची एक जड साखर जास्त. माणसाला काही अपाय नाही, उलट भाव बरा मिळतो. मी खूश झालो. मॅडमनी मग सहज विचारलं, "पेट्यांत नाही ना ठेवलाय हा? थंडीत माश्यांना पचत नाही. बाहेर पडता येत नाही, आतच पोट बिघडतं."

ताई, इथे पेन खाली ठेवून मी चहा पिऊन आलो. प्यायचा नव्हता.

तू शेवटचा मध कधी काढत नाहीस. "त्यांच्या वाटचा," म्हणतेस. गेल्या थंडीत पेट्यांच्या तोंडाशी तपकिरी शिंतोडे पडले होते आणि वसंतात अर्ध्याहून जास्त पेट्या रिकाम्या निघाल्या. दाजी म्हणाले, तू नीट लक्ष दिलं नाहीस. म्हणून यंदा तू माश्यांसाठी मधाच्या आणखी चौकटी राखल्यास. लक्ष दिलं होतंस गं. त्यांच्या वाटचा मध राखलास, त्यातूनच झालं ते. हे तुला फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितोय. दाजींनाही हे वाचून दाखव.

राहिलेल्या पेट्यांतल्या काळ्या मधाच्या चौकटी काढ. गारठा पडायच्या आत. त्याऐवजी साखरेचा दाट पाक दे, साधी पांढरी साखर. तुला ते सावत्रपणाचं वाटेल, मला माहीत आहे. तरी दे.

मदतीला येतो असं लिहिणार होतो. लिहीत नाही. माझं "येतो" तू किती वेळा ऐकलंयस. आलो तर दारात दिसेन, पण माझ्यासाठी एकही चौकट थांबवू नकोस.

रडायचं असेल तर चौकटी काढून झाल्यावर रड.

तुझा,
वाट बघण्याजोगा नसलेला धाकटा